मागणाऱ्याचा धर्म

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या मंडळाचे स्वयंसेवक घरोघरी फोन करू लागतात. कोणी वर्गणी देतो, कोणी एका दिवसाच्या महाप्रसादाचा खर्च उचलतो, कोणी स्मरणिकेत जाहिरात देतो. पावती फाडली जाते, प्रसाद घेतला जातो, हिशेब वार्षिक सभेत वाचला जातो आणि विषय संपतो. वर्गणीत फारसा नैतिक पेच नसतो. आपण काय देतो आणि त्याचे काय होणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

मोठ्या देणगीचे तसे नाही. रक्ताच्या आजारांवरील संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या एका धर्मादाय संस्थेच्या देणगी समितीचे काम गेली काही वर्षे मी पाहतो. पेशाने मी डॉक्टर; दवाखाना सांभाळून उरलेल्या वेळात हे काम. आमच्या संस्थेत २५ हजार डॉलरच्या पुढची रक्कम ही 'मोठी देणगी' मानली जाते. अशी देणगी फोनवर मागता येत नाही. त्यासाठी माणसाची ओळख करून घ्यावी लागते, त्याला संशोधन कशाचे चालले आहे ते दाखवावे लागते, शास्त्रज्ञांशी भेट घालून द्यावी लागते. पहिल्या चहापासून शेवटच्या सहीपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जाते. अमेरिकेत हा एक स्वतंत्र व्यवसायच आहे. त्यातल्या पगारी अधिकाऱ्यांच्या व्यावसायिक संघटनेची नीतिसंहिता आहे आणि गोळा केलेल्या रकमेवर टक्केवारीने मोबदला घेणे त्या संहितेला मान्य नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. दलालीवर जगणारा माणूस समोरच्याला थांबून विचार करायला सांगणार नाही.

या कामात पडल्यापासून एक प्रश्न मला सोडत नाही. संशोधनासाठी पैसे मागताना आपण नेमके काय देऊ करतो? मंदिरासाठी मागितले तर मंदिर उभे राहते. शाळेसाठी मागितले तर वर्ग भरतो. संशोधनाचे फळ मात्र कोणालाच आधी ठाऊक नसते. ठाऊक असते तर त्याला संशोधन म्हटलेच नसते. मग ज्याचा भरवसा आपल्यालाच देता येत नाही, त्यासाठी दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा मागावा कसा?

एक प्रसंग सांगतो. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत. एका यशस्वी उद्योजकाकडे आम्ही गेलो होतो. त्यांच्या नातीला जन्मापासून रक्ताचा आजार. आमच्या संस्थेच्या अधिकारी बाईंनी सुंदर माहितीपुस्तिका तयार केली होती. आजोबांनी ती चाळली, बाजूला ठेवली आणि मला विचारले, "डॉक्टर, माझ्या नातीच्या उपयोगाला येईल असे औषध यातून निघेल का?" मी म्हणालो, "सांगता येत नाही. निघेल असे आम्हाला वाटते म्हणूनच आम्ही हे करतो आहोत. पण पाच वर्षांनी ही वाट चुकीची होती असेही कळू शकेल. आणि औषध निघाले तरी ते तिच्यासाठी वेळेवर निघेल असे मी म्हणू शकत नाही." बाईंनी हातातले पेन खाली ठेवले. गाडीत बसल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "आता इथून काही येईल असे वाटत नाही."

आठ महिन्यांनी त्या गृहस्थांनी देणगी दिली, आम्ही मागितली त्यापेक्षा कमी. हे सांगतो म्हणून कोणी असा निष्कर्ष काढू नये की खरे बोलले की पैसे मिळतातच. जवळपास याच शब्दांत मी आणखी एका कुटुंबाशी बोललो होतो. त्यांनी विचार केला आणि ती रक्कम एका रुग्णालयाच्या नव्या इमारतीला दिली. त्यात वाईट काहीच नव्हते. इमारत तर डोळ्यांना दिसते. आमच्या एका तरुण शास्त्रज्ञाचा प्रकल्प मात्र त्या वर्षी सुरू होऊ शकला नाही. खरे बोलण्याला किंमत पडते आणि ती अनेकदा बोलणाऱ्याला न पडता तिसऱ्याच कोणाला पडते. म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही.

अधिकारी बाईंचा युक्तिवाद मी मनापासून ऐकला आहे. त्या म्हणतात, "आपण खोटे बोलायचे नाही, फक्त आशेवर बोट ठेवायचे. शंका त्यांनी विचारल्या तर सांगायच्या. पैसा कमी आला तर काम कमी होते, काम कमी झाले तर आजारी मुलांचे नुकसान होते. तुमच्या मनाच्या समाधानासाठी त्या मुलांनी किंमत का मोजावी?" या प्रश्नाला घाईने उत्तर देता येत नाही. चांगल्या हेतूने थोडे गोड बोलणे आपण सगळेच रोजच्या व्यवहारात चालवून घेतो. तरी मला धर्मराज आठवतो. 'नरो वा कुंजरो वा' यात शब्दशः खोटे काही नव्हते. हेतूही, पांडवांच्या बाजूने पाहिले तर, धर्मयुद्ध जिंकण्याचा होता. पण ऐकणाऱ्याने काय समजावे याची व्यवस्था आधीच करून ठेवलेली होती. आशेवर बोट ठेवून शंका खिशात ठेवणे हे त्याच जातीचे आहे.

यापेक्षा व्यावहारिक कारणही आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. जेवणाच्या टेबलावर दिलेले वचन तिथेच राहत नाही. ते प्रयोगशाळेत जाऊन पोहोचते. "तीन वर्षांत औषध" असे कोणी देणगीदाराला सांगितले, तर तिसऱ्या वर्षी तो विचारणार, आणि विचारण्याचा त्याला हक्कच आहे. मग संस्थेचे लोक शास्त्रज्ञाला विचारणार. प्रयोग फसला असेल, तर ते सांगण्याची त्याला भीती वाटणार. विज्ञानात फसलेला प्रयोगही ज्ञान देतो. ही वाट बंद आहे हे कळल्याने मागून येणाऱ्या दहा जणांची वर्षे वाचतात. पण वचनाच्या ओझ्याखाली फसलेला प्रयोग हा गुन्हा होऊन बसतो. मग निष्कर्ष थोडे वाकवले जातात, नकोसे आकडे कपाटात राहतात. मागणाऱ्याने जे गोड बोलून घेतलेले असते, त्याची परतफेड संशोधकाला खोटेपणाने करावी लागते. असे संशोधन त्या आजारी मुलांच्याही कामाचे राहत नाही. बाईंच्या प्रश्नाला माझे उत्तर इथून सुरू होते.

दानाविषयी आपल्या परंपरेत उदंड सांगितलेले आहे, पण ते बहुतेक देणाऱ्याच्या बाजूने. मागणाऱ्याचा धर्म शोधायचा तर कथांकडे जरा तिरके पाहावे लागते. वामनाने बळीकडे तीन पावले जमीन मागितली. मागताना तो बटू होता, घेताना त्रिविक्रम झाला. इंद्राने कर्णाकडे कवचकुंडले मागितली तीही ब्राह्मणाचा वेष घेऊन. दोन्ही कथांत मागणारा स्वतःला लपवतो. पण दोन्ही कथांत आणखी एक गोष्ट आहे, जी आपण भरभर पुढे जातो म्हणून निसटते. बळीला शुक्राचार्यांनी आधीच सांगितले होते की हा बटू साधा नाही, हे दान तुला महागात पडेल. कर्णालाही सूर्याने आधीच सावध केले होते. दोघांनाही सगळे ठाऊक होते आणि तरीही त्यांनी दिले. म्हणूनच ते दाते म्हणून लक्षात राहिले. फसवून घेतलेल्या दानाला कोणी गौरवले नसते. फसलेल्या माणसाची आपण फार तर कीव करतो.

आम्हा डॉक्टरांना ही गोष्ट वेगळ्या नावाने शिकवलेली असते. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला फायदा, धोका आणि दुसरे पर्याय समजावून सांगायचे आणि मगच त्याची संमती घ्यायची. धोका सांगितला म्हणून काही रोगी शस्त्रक्रिया नाकारतात, त्यातल्या काहींचे नुकसानही होते. तरी "यापुढे धोका सांगू नका" असे कोणी म्हणत नाही. ज्याच्या शरीरावर सुरी चालणार त्याला जाणून घेण्याचा हक्क आहे, तसाच ज्याची कमाई जाणार त्यालाही आहे. पुराणात ताकीद देणारा वेगळा आणि मागणारा वेगळा होता. आमच्या कामात देणगीदाराच्या शेजारी शुक्राचार्य बसलेले नसतात. ते काम मागणाऱ्यानेच करायचे असते. माझी पत्नी मला गमतीने 'झारीतले शुक्राचार्य' म्हणते. ती पदवी मी आनंदाने स्वीकारली आहे.

आमच्या समितीने यासाठी एक छोटी पद्धत पाडली आहे. मोठ्या देणगीच्या प्रत्येक प्रस्तावात एक पान असे असते की या पैशातून काय होणार नाही, काय फसू शकते आणि फसले तर आम्ही ते कधी व कसे कळवू. दुसरे म्हणजे, मी स्वतः माझ्या रोग्यांकडे कधीही मागत नाही. तपासणीच्या टेबलावर झोपलेला माणूस 'नाही' म्हणायला मोकळा नसतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची नीतिसंहिताही डॉक्टरांना स्वतःच्या रोग्यांकडे थेट मागणी करणे टाळा असेच सांगते.

संशोधनाला दिलेली मोठी देणगी कशी असावी, याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९१८ साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताची सचित्र संशोधित आवृत्ती काढण्याची विनंती केली आणि त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. १९१९ साली कामाला सुरुवात झाली. पुढे १९२५ पासून डॉ. वि. स. सुकथनकर प्रमुख संपादक झाले. देशभरातून आणि देशाबाहेरून बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली, एकेका श्लोकाचे पाठभेद नोंदले गेले. हे काम १९६६ साली पुरे झाले, म्हणजे सुमारे ४७ वर्षांनी. सुकथनकर १९४३ साली वारले होते आणि राजेसाहेब १९५१ साली. ज्याने पहिला पैसा दिला आणि ज्याने पद्धत घालून दिली, त्या दोघांनीही काम पुरे झालेले पाहिले नाही.

यातली आणखी एक गोष्ट गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत सांगण्यासारखी आहे. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा आपल्याला लहानपणापासून पाठ. हस्तलिखिते ताडून पाहिल्यावर संपादकांना ती मूळ संहितेत ठेवण्याजोगा आधार दिसला नाही आणि संशोधित आवृत्तीत ती परिशिष्टात गेली. एका धर्मनिष्ठ राजाच्या पैशाने सुरू झालेल्या कामाने लाडक्या गणरायालाच मूळ संहितेबाहेर ठेवले. आदिपर्वाचा हा खंड १९३३ साली पुरा झाला, तेव्हा राजेसाहेब हयात होते आणि काम पुढे चालूच राहिले. संशोधनाला देणगी देणे म्हणजे काय, हे मला यातून समजते. दाता प्रश्न निवडू शकतो. उत्तर त्याच्या हातात नसते आणि नसावेच. देणगीदाराचे नाव प्रयोगशाळेच्या दारावर जरूर लावावे. आपल्या मंदिराच्या भिंतीवरही नावे आहेत आणि त्यात मला गैर काही दिसत नाही. नाव द्यावे, निष्कर्ष देऊ नये.

इथवर देणाऱ्याशी खरे बोलण्याचा विचार झाला. पण जो त्या खोलीत नसतो, त्याचे काय? मोठी देणगी मोठ्या माणसांकडून येते आणि माणूस आपल्या घरात शिरलेल्या दुखण्यासाठी देतो. हे स्वाभाविक आहे. नातीच्या आजारासाठी देणाऱ्या आजोबांना 'तुमचे दान सात्त्विक नाही' असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. दुःख हे परोपकाराचे फार जुने दार आहे. पण हे असेच चालू दिले तर ज्यांच्या घरात पैसा नाही, त्यांच्या आजारावर कोण शोध घेणार?

सिकल सेल आणि सिस्टिक फायब्रोसिस या दोन आनुवंशिक आजारांची तुलना पाहा. सिकल सेलचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ सालीच दाखवले. सिस्टिक फायब्रोसिसचे जनुक सापडले १९८९ साली, म्हणजे ४० वर्षांनंतर. पण या दुसऱ्या आजाराच्या मुलांचे पालक १९५५ सालीच संघटित झाले होते. त्यांच्या संस्थेने औषध कंपन्यांच्या संशोधनात पैसा घातला, २०१२ साली आजाराच्या मुळावर काम करणारे पहिले औषध आले आणि २०१९ मध्ये बहुसंख्य रोग्यांना लागू पडणारे. ही अतिशय कौतुकाची कहाणी आहे. मात्र सिकल सेलवरचे पहिले औषध मंजूर व्हायला १९९८ साल उजाडले आणि तेही मुळात दुसऱ्या आजारांसाठी वापरले जाणारे. अमेरिकेत सिकल सेलचे सुमारे एक लाख रोगी आहेत, बहुतेक कृष्णवर्णीय. सिस्टिक फायब्रोसिसचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्हींवरचा खर्च मांडला होता. सरकारी संशोधन निधी एका रोग्यामागे वर्षाला सुमारे २,८०० डॉलर सिस्टिक फायब्रोसिसला, तर सुमारे ८०० सिकल सेलला. खासगी धर्मादाय संस्थांचा खर्च मात्र सुमारे ७,७०० डॉलर विरुद्ध १००. सरकारी पैशातली तफावत सुमारे साडेतीन पट, देणग्यांच्या पैशातली पंचाहत्तर पट. मी ज्या कामाचा भाग आहे, त्या कामाचे हे मोजमाप आहे.

माझे वैद्यकीय शिक्षण नागपूरला झाले. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत, तसेच अनेक दलित व मागास समाजांत सिकल सेल आहे. वॉर्डात वेदनेने कण्हणारी ती मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या आईवडिलांकडे मोठी देणगी मागायला कधी कोणी जाणार नाही, कारण एसटीचे परतीचे भाडे जमवतानाच त्यांची दमछाक होते. भारत सरकारने २०२३ साली सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, हे चांगले झाले. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत या आजारावर दोन जनुकीय उपचार मंजूर झाले. एकाची किंमत २२ लाख डॉलर, दुसऱ्याची ३१ लाख. शोध लागला म्हणजे तो गडचिरोलीला पोहोचला असे होत नाही. स्वस्त आणि खेड्यात देता येईल असा उपचार शोधणे हेही संशोधनच आहे आणि त्यासाठी मागायला कोणीतरी जावे लागते.

म्हणून मागणाऱ्याच्या धर्माचा दुसरा भाग मला असा दिसतो. ज्याला देणगीदारासमोर खुर्ची नाही, त्याच्या वतीनेही मागायचे. आम्ही प्रत्येक मोठ्या देणगीदाराला विचारतो की तुमच्या आजारासाठी दिलेल्या रकमेतला काही भाग, ज्याला कोणी दाता नाही अशा प्रश्नासाठी द्याल का? सक्ती नसते. काही जण नाही म्हणतात, काही जण थोडा देतात. नातीसाठी देणाऱ्या त्या आजोबांनी पाचवा हिस्सा दिला आणि ती मुले कुठली एवढेच विचारले.

लहान देणगीने हे होऊ शकत नाही का, असे कोणी विचारील. होते आणि झाले आहे. १९३८ साली अमेरिकेत पोलिओच्या निधीसाठी लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी थेट व्हाइट हाउसला पाठवली. त्याच चळवळीच्या पैशातून पुढे जोनास साल्क यांची लस आली. १९५४ च्या चाचणीत सुमारे १८ लाख मुले सहभागी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे त्याच्याही आधी अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, लोकमान्यांच्या पाठिंब्याने, तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. वर्गणीचे मोठे बळ हे की तिच्यावर कोणा एकाचा मालकीहक्क नसतो. पण पोलिओची भीती प्रत्येक घरात होती. ज्या आजाराची भीती शेजाऱ्याच्या घरात नसते, त्यासाठी आजही कोणा एकाच्या दारात जाऊन बसावे लागते.

वाचकहो, आपल्या समाजातली अनेक कुटुंबे आता अशा वयात आणि अशा स्थितीत आहेत की त्यांच्या दारी माझ्यासारखे कोणीतरी येणारच. आले की त्यांना चहा द्या आणि दोन प्रश्न विचारा. हे काम फसले तर तुम्ही मला कधी सांगाल? आणि या पैशातला कोणता भाग, जे तुमच्या यादीत नाहीत त्यांच्यापर्यंत जाईल? उत्तर देताना जो चाचरेल आणि तरीही खरे सांगेल, त्याच्याकडे जरा लक्षपूर्वक पाहा. देणे न देणे तुमच्या हाती. दिलेत तर बळीसारखे द्या, सगळे ऐकून घेऊन. तो विघ्नहर्ता देणाऱ्यांना आणि मागणाऱ्यांना, दोघांनाही सद्बुद्धी देवो.